अमावस्येला गाडी काढली

"अमावस्येला कुणी लांबच्या प्रवासाला असतं का?" निघायच्या आधी आठवडाभर हा प्रश्न घरात फिरत होता. नवऱ्याने विचारला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला, गाडी शिकवणाऱ्या सरांनीसुद्धा विचारला. तारखा ठरवल्या होत्या आईने. "१९ तारखेला मला औशाकडं असायचंय," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, गुरुवार-शुक्रवार रजा टाकली की शनिवार-रविवार जोडून मिळतात, त्या हिशेबाने बोलत असेल.

गाडी म्हणजे दिवाळीच्या आधी घेतलेली सेकंडहँड वॅगनआर. माझं लायसन्स वयाच्या ४४ व्या वर्षी निघालं आणि तोवरची सगळ्यात मोठी मजल म्हणजे संभाजीनगर ते पैठण. आता चार दिवस, संभाजीनगर-तुळजापूर-लातूर-नांदेड आणि परत. सोबत आई, वय ७३, आणि कॉलेजातली लेक. लेकीकडे दोन कामं होती: मोबाइलवर रस्ता बघणं आणि माझ्यावर न ओरडणं. पहिलं तिने बरं केलं.

पहिला दिवस, १८ डिसेंबर २०२५: संभाजीनगर ते तुळजापूर

सकाळी साडेसहाला निघालो. थंडी चांगलीच होती, काचेवर आतून वाफ धरत होती आणि ती घालवायला कुठलं बटण दाबायचं हे मला आडूळपर्यंत सापडलं नाही. आई स्कार्फच्या टोकाने काच पुसत होती. पाचोडपर्यंत मी साठच्या वर गेले नाही. मागून ट्रक दिवे मारत होते, एसट्या हॉर्न वाजवत होत्या. आई म्हणाली, "जाऊ दे त्यांना. आपल्याला कुठं हजेरी लावायचीय?"

शहागडला गोदावरी ओलांडली. आमच्याकडे जुनी माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. आईने नाणं काढून ठेवलंच होतं, पण तिला काच खाली घेता येईना आणि मला पुलावर थांबता येईना. ती काच-काच करत राहिली, तोवर पूल संपला. "नांदेडला टाकू, तीच गंगा आहे," लेक म्हणाली. नाणं परत बटव्यात गेलं.

हा धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी, रुंद आणि सरळ आहे. नवशिक्याला वाटतं वेगाची भीती वाटेल. मला भीती वाटली ती समोरून येणाऱ्यांची. चौपदरी रस्त्यावर, आपल्याच बाजूने, दुभाजकाला लागून एक ट्रॅक्टर शांतपणे समोरून येतो. त्याला अर्धा किलोमीटर पुढे जाऊन वळायचं नसतं, बस. ढाब्यांसमोर दुभाजक फोडून केलेल्या वाटा असतात, त्यातून मोटारसायकल निघते तीही अशीच. म्हणून उजव्या लेनला चिकटून राहणं मी सोडून दिलं. दुसरा गोंधळ ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचा. काही जण तो 'जा पुढे' म्हणून देतात, काही 'येऊ नको' म्हणून, आणि काही खरोखरच उजवीकडे वळतात. सरांना फोन केला तर म्हणाले, "समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच जा. दिव्यावर जाऊ नका." चारही दिवस तेवढं पाळलं.

पाडळसिंगीच्या टोल नाक्यावर माझी फजिती झाली. फास्टॅगमध्ये ११ रुपये. मागे रांग, पुढे फाटक बंद. १५ नोव्हेंबर २०२५ पासून तेव्हा नियम असा होता की फास्टॅग चालला नाही तर रोख भरल्यास दुप्पट आणि यूपीआयने भरल्यास सव्वापट. लेकीने यूपीआयने भरलं. निघायच्या आदल्या रात्री फास्टॅगची शिल्लक बघा, हवा आणि पेट्रोल बघण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. वर्षभराचा पास काढायचा विचार असेल तर तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, समृद्धीवर नाही.

बीड बाहेरूनच काढलं आणि मग मांजरसुंब्याचा घाट आला. कोकणातल्या लोकांनी हसू नये, आमच्यासाठी तो घाटच आहे. बालाघाटाची चढण, आणि पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मुंगी चालावी तसा. दुसऱ्या गिअरवर त्याच्यामागे वीस मिनिटं. मी ओव्हरटेक केलं नाही याचा मला आजही अभिमान आहे. एका वळणावर रस्त्यात मोठमोठे दगड मांडलेले दिसले. कधीतरी बंद पडलेल्या गाडीच्या चाकाला लावलेले. गाडी दुरुस्त होऊन गेली, दगड तिथेच. दिवसा दिसले म्हणून बरं. आपली गाडी बंद पडली आणि दगड लावले तर निघताना ते बाजूला टाका, ही विनंती.

वर आल्यावर रबडी खाल्ली. मांजरसुंब्याला येऊन रबडी न खाता जाणं शक्यच नाही. साय धाग्यांसारखी सुटत होती, गोडी बेताची, आणि वाटी लहान, म्हणजे दोन घेतल्या तरी मन खात नाही. सरमकुंडी फाट्यावर पेढे घेतले. हा सगळा भूम-कुंथलगिरीचा खव्याचा पट्टा. अर्धा किलो पेढ्यांपैकी तुळजापूरला देवीपुढे पोचले सहा.

येडशीवरून धाराशिव आणि मग तुळजापूर, पोचलो तेव्हा साडेतीन. एसटीने लवकर झालं असतं, पण एसटी रबडीला थांबत नाही. गावात शिरताच गाडीच्या पुढे माणसं धावायला लागली, पार्किंग दाखवतो, पूजा करून देतो, पास काढून देतो. नवीन ड्रायव्हरसाठी हे घाटापेक्षा वाईट. काच बंद ठेवून सरळ खोली घेतलेल्या ठिकाणी गेलो आणि देवळात चालत. संध्याकाळी गर्दी कमी होती. आईने ओटी भरली, कवड्यांची माळ घेतली आणि बाहेर आल्यावर ती माळ गाडीच्या आरशाला अडकवायला निघाली. आरशात मागचं दिसलं पाहिजे यावरून आमचं पायऱ्यांवर भांडण झालं. माळ शेवटी डॅशबोर्डवर राहिली.

दुसरा दिवस, १९ डिसेंबर: औसा, लातूर

मला नळदुर्ग बघायचा होता. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल, वरून पाणी वाहत असताना आत माणसं कोरडी उभी राहू शकतात असा. तुळजापूरहून जेमतेम ३५ किलोमीटर. आई म्हणाली, "आधी औसा." नळदुर्ग राहिला.

मग मी उजनीवर डोळा ठेवला. म्हणजे औसा तालुक्यातली उजनी, धरणाची नव्हे. इथली बासुंदी नावाजलेली, आणि मी सकाळचा नाश्ता मुद्दाम अर्धा केला होता. उजनीत पोचलो तर शटर खाली. शेजारचं शटर खाली. समोरचंही खाली. चहाची टपरी बंद, पंक्चरचं दुकान बंद. कुत्रं सोडलं तर रस्त्यावर कुणी नाही. मला वाटलं बंद पुकारलाय. लेक मोबाइलवर बातम्या शोधायला लागली. आई मागे बसून गालात हसत होती.

"आज येळवस हाय," ती म्हणाली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या संभाजीनगरकडे तिचा पत्ताही नसतो. लातूर-धाराशिवकडे मात्र त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात जातो. लातूरला तर जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. हे मी लहानपणी आईकडून ऐकलेलं, पण ती बोलण्यातली गोष्ट म्हणून. तिने तारीख पंचांगात बघून ठरवली होती आणि महिनाभर तोंडातून काढलं नव्हतं. आईच्या माहेरची जमीन १९९३ च्या भूकंपानंतर विकली गेली, मामा पुण्याला गेले. तेव्हापासून तिला या दिवशी इकडे यायला निमित्त नव्हतं.

उजनी सोडल्यावर रस्ता हळूहळू जागा झाला. मोटारसायकलवर बापलेक, मधे टोपलं. बैलगाडीत बायका. एक म्हातारबा खांद्यावर घोंगडं आणि डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मातीचं मडकं, घेऊन बांधावरून चालले होते, एक थेंब न सांडता. मी पहिल्यांदाच कुठलाही पत्ता नसताना गाडी चालवत होते. लेकीने मोबाइल खाली ठेवला, कारण सूचना आता मागच्या सीटवरून येत होत्या. आणि आईची बोलीच बदलली. पन्नास वर्षं संभाजीनगरात काढलेली बाई, "काय करलालीस, हळू घे की," म्हणायला लागली.

"त्या बाभळीपाशी थांबीव."

"कुणाचं शेत आहे?"

"मला काय माहीत?"

बांधावर आम्ही तिघी उतरलो. मला कानकोंडं झालं होतं. तिकडून एक बाई पदर खोचत आली आणि म्हणाली, "या माय, या. किती उशीर! कुठून येलालाव?" जणू आमचीच वाट बघत होती. आई तिला म्हणाली, औशाजवळचीच मी, या शिवारातली. बस, एवढ्यावर ओळख झाली. येळवशीला बोलावणं लागत नाही, बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

शेताच्या मधे कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती, तिच्यावर शाल. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेले, हे पांडव. समोर बिंदगं, गेरू-चुन्याचे पट्टे ओढलेलं. पूजा झालेली होती, पण आमच्यासाठी घरातल्या मुलाने पुन्हा एकदा पिकावर आंबील शिंपडली आणि "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणून कोपीभोवती फेरी मारली. अर्थ विचारला तर तो लाजला. वडिलांना विचारला तर तेही हसले.

आता जेवण. भज्जी म्हणजे भजी नव्हे. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, भुईमुगाचे दाणे, मेथी-पालक-चुका अशा भाज्या, सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेलं. पातळ नाही, घट्ट नाही, वाफ निघणारं. बरोबर बाजरीचे उंडे, भाकरी, धपाटे, गव्हाची खीर, शेंगाची चटणी. आणि आंबील: ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण-जिऱ्याची, रात्रभर आंबलेली. मातीच्या भांड्यातली असल्याने गार. मी तीन पेले प्यायले. तिसरा पेला घेताना यजमान म्हणाले, "ताई, गाडी तुम्हीच चालवणार ना? मग जपून. झोप आणते ती." थट्टा वाटली. अर्ध्या तासात बाभळीखाली घोंगडीवर आडवी झाले ती चारलाच उठले.

दुपारी शेताची गोष्ट निघाली. सप्टेंबरात पाणी चार दिवस उभं होतं, सोयाबीन गेलं ते गेलंच. ज्वारी उशिरा पेरली, म्हणून अजून गुडघ्याएवढीच. हे सांगताना ते आंबिलाचा पेला भरतच होते. आई मात्र वेगळ्याच बाईशी, वेगळ्याच माणसांबद्दल बोलत बसली होती. कोण गेलं, कुणाची सून कुठली, कुणाचं माळवदाचं घर पडलं ते पुन्हा बांधलं का. त्यातली निम्मी नावं मी पहिल्यांदा ऐकली.

माझा नियम होता, अंधारात गाडी चालवायची नाही. पण अंधार पडल्यावर हेंडगा पेटवतात, कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवतात, आणि आईला ते बघायचं होतं. बघितलं. लांबपर्यंत शिवारात एकेक ठिणगी धावत होती, आमच्यासमोरचा मुलगा तर पार नाल्यापर्यंत पळून आला. फोटो एकही नीट आला नाही.

नियम मोडला त्याची किंमत पुढच्या वीस-पंचवीस किलोमीटरात मोजली. उसाची ट्रॉली, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरच्या गाडीच्या दिव्यात डोळे दिपलेले, आणि अचानक दहा फुटांवर ऊस. ब्रेक मारला, पेढ्यांचा रिकामा खोका पुढे आला, आईने देवीचं नाव घेतलं. कुणाला काही झालं नाही. पण लिहून ठेवते: ऑक्टोबर ते मार्च, ऊसपट्ट्यात, सूर्य मावळला की गाडी लावा. मी ऐकलं नाही, तुम्ही ऐका.

लातुरात शिरलो तर शहर रिकामं. गंजगोलाईबद्दल मी आधीच घाबरून होते. १६ रस्ते एका गोलाला येऊन मिळतात, मधे जगदंबेचं देऊळ, एरवी तिथे पायी चालायला जागा नसते. त्या रात्री दुकानं बंद, चार-दोन माणसं. मी गोलाईला दोन पूर्ण चकरा मारल्या. दुसरी गरज नसताना.

तिसरा दिवस, २० डिसेंबर: माळेगावची यात्रा, नांदेड

लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड, साधारण १४० किलोमीटर. रस्ता चांगला. दुपारी जेवायला नांदेडात, असा बेत. सकाळी लातुरात सुशीला खाल्ला. नाव ऐकून लेकीला वाटलं हॉटेलच्या मालकीणबाईंचं नाव आहे. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणी दिलेला नाश्ता असतो हा.

माळेगाव लोह्याच्या अलीकडे, ऐन हमरस्त्यावर. मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमाराला तिथे खंडोबाची यात्रा भरते, हे मला माहीत असायला हवं होतं. दोन किलोमीटर आधीपासून गाड्या मुंगीच्या रांगेत. क्लच दाबून दाबून डावा पाय भरून आला. समोर उंट. आरशात घोडा. शेवटी एका शेतात पार्किंगचे पन्नास रुपये देऊन गाडी लावली आणि उतरलो.

बरं झालं उतरलो. घोडे, गाढवं, उंट, खेचरं यांचा एवढा बाजार मी कधी पाहिला नव्हता. घोड्याचा दलाल गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरून बोटांनीच भाव करत होता, तोंडाने पावसापाण्याचं बोलत. जनावरांच्या बाजूला देवणी आणि लाल कंधारी, दोन्ही याच मातीतल्या जाती. देवणी पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे, लाल कंधारी गडद लाल. एका पोराने त्याच्या कंधारी वळूला तेल चोळून इतकं चकाकवलं होतं की त्याच्या पाठीवर उन्हाचा पट्टा दिसत होता. आई घुंगरांच्या दुकानात अडकली. आमच्याकडे बैल नाही, गाय नाही, चौथ्या मजल्यावर घर आहे. तरी एक घुंगुरमाळ घेतली.

दर्शनाची रांग फार मोठी होती, बाहेरूनच हात जोडले. "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत एक जथा गेला, भंडारा उधळला आणि आमची पांढरी गाडी, परत आलो तोवर, टपापासून वायपरपर्यंत पिवळी झाली होती.

लोह्यात गाडी डावीकडे ओढायला लागली. पंक्चर. दुकान शंभर पावलांवर होतं, हे नशीब. पंक्चरवाल्या दादांनी पकडीने खिळा ओढून माझ्या तळहातावर ठेवला. बारीक, चपट्या डोक्याचा, टोकाला वाकलेला. "नालाचा खिळा आहे मॅडम. घोड्याचा. यात्रेच्या आठवड्यात रोज पाच-सहा काढतो." ट्यूबलेस टायर होतं, स्ट्रिप घालून पंधरा मिनिटांत काम झालं. स्टेपनीतली हवा तपासा असंही तेच म्हणाले. तपासली तर स्टेपनी अर्धी रिकामी. दिवाळीपासून ती उघडून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो खिळा अजून डॅशबोर्डवर आहे, कवड्यांच्या माळेशेजारी.

नांदेडात शिरताना गोदावरीच्या पुलावर लेकीने आधीच मागची काच खाली घेतली. नाणं कठड्याला आपटून रस्त्यावरच पडलं.

संध्याकाळी सचखंड हुजूर साहिब. गुरू गोविंदसिंगांचं इथे १७०८ साली निर्वाण झालं, शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. डोकं झाकायला रुमाल-ओढणी घरूनच न्या, तिथेही मिळतो. लंगरमध्ये दिवसभराची पायपीट, क्लच, खिळा सगळं विसरून डाळ-रोटी खाल्ली. वाढणारा मुलगा आईला "माताजी, और?" विचारत राहिला. आई त्याला मराठीत नको म्हणत राहिली आणि रोटी येत राहिली.

चौथा दिवस, २१ डिसेंबर: औंढा, जिंतूर, जालना, घर

वसमतवरून औंढा नागनाथ. इथे नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांना कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा. देवळाच्या खालच्या थरातले हत्ती बघत एक तास गेला. गाभारा खाली आहे, वाकून उतरावं लागतं, गुडघ्यांचा त्रास असेल तर वरूनच नमस्कार करा. आई उतरली. चढताना दोघांनी हात दिले.

जिंतूर-मंठा-जालना हा टप्पा कंटाळवाणा, त्यावर जास्त लिहीत नाही. जालन्याला प्रश्न आला: जुन्या रस्त्याने जायचं की समृद्धीने? समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. मी नव्वदने गेले, डाव्या लेनमध्ये. ना ट्रॅक्टर, ना दुभाजक फोडलेला, ना मोटारसायकल. आणि त्यामुळेच पंधराव्या मिनिटाला माझे डोळे जड झाले. लेकीला बोलत राहायला सांगितलं. चढायच्या आधी हवा बघा आणि चहा प्या, वाटेत टपरी नाही.

घरी पोचलो तेव्हा मीटरवर ७७४ किलोमीटर वाढले होते, पेट्रोल सव्वाचार हजारांचं. नवरा गाडीभोवती फिरून ओरखडे शोधत होता. सापडला भंडारा. दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, पण एसी लावला की जाळीतून अजून थोडा पिवळा धूर येतो.

नवं कॅलेंडर आलं तेव्हा आई चष्मा लावून बसली. २०२६ ची पानं डिसेंबरपर्यंत उलटली, पुन्हा उलटली. येळवस कुठेच नाही. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे मार्गशीर्षाची अमावस्या सरकून थेट ७ जानेवारी २०२७ ला गेली आहे. आईने आधी कॅलेंडरवाल्यांनाच चुकीचं ठरवलं. मग बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "तवर तू ओव्हरटेक शिकून घे."